चंद्रामावशीच्या गळ्यातली किल्ली

चंद्रामावशीच्या गळ्यात दोन दोरे. एकात काळे मणी, ते पोश्याकाकाचे. दुसऱ्यात शाळेची किल्ली. काकाशी भांडण झालं की पहिला दोरा खुंटीवर जातो, भांडण मिटलं की परत गळ्यात येतो. किल्लीचा दोरा मात्र ती आंघोळीलासुद्धा काढत नाही.

"एवढं काय गं, किल्ली म्हणजे सोनं आहे का?" असं कोणी विचारलं की मावशी म्हणते, "सोनं असतं तं काढून ठेवलं असतं. चोरानं नेलं असतं, गोष्ट मिटली असती. ही हरवली तं गुरुजी बोंबलेल, पोरां उन्हात उभी राहतील नि तांदूळ आत अडकून पडंल."

आमचा पाडा साखरशेतच्या पुढे, टेकडीला पाठ लावून बसलेला. सदतीस घरं, दोन खोल्यांची शाळा आणि एक विहीर. विहीर इतकी खाली की उन्हाळ्यात हंडा घेऊन गेलेली बाई वर येईपर्यंत घरात एखादं भांडण सुरू होऊन मिटलेलंसुद्धा असतं. शाळेला शिपाई नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेत खिचडी शिजायला लागली तेव्हा तांदळाची पोती आली, पोत्यांच्या मागून उंदीर आले आणि उंदरांच्या मागून चंद्रामावशी आली ती कायमचीच. खिचडी तिची, झाडू तिचा, घंटा तिची. घंटा म्हणजे सुकऱ्याच्या जीपचा तुटलेला पाटा, आंब्याच्या फांदीला टांगलेला. त्यावर ती दगड हाणते आणि वर स्वतःचा आवाज लावते, "ए पोरांनोऽऽ, याऽऽ!" पाटा वाजला नाही तरी चालतं. तिच्या आवाजानं पलीकडच्या पाड्यावरचे कोंबडे सावध होतात.

मावशी शाळेत एक दिवसही शिकलेली नाही. खिचडीच्या कागदावर ती निळा अंगठा उठवते. पण शाळेची हजेरी तिला तोंडपाठ आहे. चूल वर्गाच्या खिडकीखाली, त्यामुळे रोज सकाळी रोहिदास गुरुजी नावं घेतात ती तिच्या कानावर पडतात. गुरुजी मोखाड्याकडचे, पोशेऱ्याचे. आपल्यातलेच. पण दर वाक्याआधी "ख्खं" असा खोकतात, घशात जणू करवंदाची बी अडकली आहे. मावशी हजेरी म्हणून दाखवते ती त्या खोकल्यासकट.

आणि त्या हजेरीतलंच एक नाव तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

दोन हजार तीनची दिवाळी झाली आणि पाड्यातली निम्मी घरं भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. दरवर्षी जातात. मावशीला खिचडी होती म्हणून ती राहिली. पोश्याकाका गेला, त्याची बहीण गेली आणि बहिणीचं तान्हं सांभाळायला म्हणून मावशीची माघी गेली. माघी तेव्हा चौथीत. त्या दिवसापासून खिडकीखाली चुलीशी बसलेल्या मावशीला रोज ऐकू यायचं:

"ख्खं. माघी पोश्या भोये."

आत सगळं चिडीचूप.

"गैरहजर."

दुसऱ्यांच्या पोरांना ताटभर वाढायचं आणि आपल्या पोरीचं नाव असं रोज हवेत विरलेलं ऐकायचं. त्या चार महिन्यांत खिचडी पुष्कळदा खाली लागली.

शिमग्याला भट्टीवाले सणाला घरी आले. परत जायच्या दिवशी माघीचं गाठोडं मावशीनं घराच्या आढ्याला टांगून ठेवलं आणि दारात आडवी बसली. काकाला म्हणाली, "तुला जायचं तं जा. गाठोडं नेतोस तं ने. पोर नाय जाणार."

पोर राहिली. तिच्यासारखी आणखी तेराजण राहिली. पण एप्रिलची परीक्षा महिन्याभरावर आलेली. चौदाच्या चौदाजण नापास.

मग रोहिदास गुरुजींनी वरती अर्ज केला: या मुलांची उन्हाळी सुट्टी कमी करू, मे महिनाभर वर्ग घेऊ, जूनमध्ये पुन्हा परीक्षा घेऊ. जी पास होतील ती पाचवीला जव्हारला जातील. आणि त्यांनी पाड्याची सभा बोलावली, आंब्याखाली.

"ख्खं. सुट्टी कमी करायची आहे."

आधी कोणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले.

"मे महिन्यात शाळा?" सुकऱ्या जीपवाला म्हणाला. "मग लग्नांत नाचंल कोण? म्हातारे?"

"करवंदां पिकतील ती काय पाखरांनीच खायची?"

गोजाबाई उठली. गोजाबाई आमची धवलेरी. आमच्याकडे लग्न लावते ती बाई, गाणी म्हणून. तिच्याशिवाय नवरा-नवरी नुसतेच उभे राहतात. ती म्हणाली, "गुरुजी, राबासाठी, भाताची जमीन भाजायला, आम्ही झाडाच्या फांद्या छाटतो. शेंडा ठेवतो, नाय तं झाड मरंल. तू शेंडाच छाटाया निघालास."

गुरुजी खोकले.

तेव्हा मागून चंद्रामावशी उठली. हातात पळी तशीच. "भट्टीनं माझ्या पोरीची शाळा खाल्ली. आता तू तिची सुट्टी खा. मग पोरीला ठेवतोस काय?"

गुरुजींनी मान खाली घातली. मावशी बसली. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण ती पुन्हा उठली.

"खा. पण सकाळचीच खा. सातपासून अकरापर्यंत. अकरानंतरची पोरीची पोरीला. एक मिनिट जास्ती घेतलंस तं मीच घंटा वाजवीन."

तसं ठरलं. वरून मंजुरीचं पत्र आलं, त्यात मेख होती. मावशीनं गुरुजींकडून ते तीनदा वाचून घेतलं, म्हणजे तिचं पाठ झालं: तपासणीच्या दिवशी निम्म्याहून कमी मुलं सापडली तर वर्ग त्याच दिवशी बंद आणि मुलं पुन्हा चौथीत. तपासणी गुरुवार, वीस मे.

तीन तारखेला वर्ग सुरू झाला. एकही पोर चुकलं नाही. चुकणार कसं? मावशी पाटा वाजवून थांबायची नाही. दारोदार जायची, पांघरूण ओढायची आणि पोराला गोठ्यातल्या वासरासारखं पुढे घालून आणायची. अकरा वाजले की पुन्हा पाटा. गुरुजी एखादं गणित अर्धं सोडवत असायचे. "ख्खं, एवढं एक..." "अर्धं उद्या," मावशी खिडकीतून सांगायची, आणि चौदा पोरं नदीकडे सुसाट.

आता गंमत अशी की मंगळवारी, अठरा तारखेला, धनेशचं लग्न होतं. धनेश गोजाबाईचा पुतण्या, नवरी दाभोशाची. गोजाबाईचं घर उतारावर, तिथे मांडव घातला तर वऱ्हाड घरंगळत ओढ्यात जाईल. म्हणून मांडव शाळेच्या पटांगणात, आणि तसा शब्द मावशीनं थंडीतच दिलेला. दिलेला शब्द फिरवायचा कसा? गुरुजी म्हणाले, एक दिवस वर्ग नको, तपासणी गुरुवारी आहे.

आमच्या पाड्यात लग्न एका घराचं नसतं. घरटी एक माणूस मांडवाला, घरटी एक नवरीला आणायला. हे चुकवायचं नाही. बाप्ये मांडवाला आणि चुलीला लागले, बाया पाण्याला आणि पत्रावळींना. मग नवरीला आणायला घरचा माणूस म्हणून कोण? पोरं. सकाळी सहाला सुकऱ्याची जीप निघाली. आत, वर, मागे, बॉनेटवर, सगळीकडे आमची चौथी. आणि त्या चौदा पोरांना सांभाळायला कोणीतरी शिकलेलं माणूस पाहिजे म्हणून रोहिदास गुरुजीपण मागच्या पायरीवर लटकले. सुकऱ्या ओरडून गेला, "बारापर्यंत नवरी आणतोऽऽ!"

आणि साडेआठ वाजता टेकडीच्या वळणावरून एक मोटरसायकल आली.

वरती हेल्मेट, खाली सफारी, बगलेत चामडी बॅग. शिक्षण विस्तार अधिकारी. साहेबांनी हेल्मेट काढलं, मांडवाकडे पाहिलं आणि म्हणाले,

"शाळा हीच ना?"

"हीच," मावशी म्हणाली. तिच्या हातातला पत्रावळींचा गठ्ठा खाली पडला होता.

"मग हे काय?"

"मांडव."

"ते दिसतंय. शाळा कुठंय?"

"मांडवाच्या मागं."

"उघडा."

"किल्ली हरवली."

साहेबांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं. मावशीनंही खाली पाहिलं. किल्ली पोलक्यावर उन्हात चमकत होती.

"सापडली," मावशी म्हणाली.

दार उघडलं. आत तांदळाची पोती, भाड्यानं आणलेली पातेली, कांद्यांचा ढीग. आणि पोत्यांवर, डोक्यापासून पायापर्यंत हळदीनं माखलेला धनेश, तोंड उघडं टाकून घोरत.

"हा कोण?"

मावशी म्हणाली, "माजी विद्यार्थी."

फळ्यावर कालचं लिहिलेलं होतं: पट चौदा, हजर चौदा. मावशीनं तिकडे बोट दाखवलं. "बघा, सगळी."

"हे कालचं आहे, बाई." साहेब खुर्ची ओढून मांडवात बसले. साहेबांची एक सवय होती. काहीही सांगायच्या आधी ते बोट वर करायचे आणि म्हणायचे, "थोडक्यात सांगतो." मग बसा ऐकत. "थोडक्यात सांगतो. शासनानं वर्गाला मान्यता दिली. का दिली? मुलांचं नुकसान भरून निघावं म्हणून. सुट्टी कमी केली. का केली? अभ्यास व्हावा म्हणून. आणि मी इथं येतो तर काय दिसतं? थोडक्यात सांगायचं तर..." असं पाव तास. शेवटी म्हणाले, "आज कामाचा दिवस. आज मुलं शून्य. मी शून्य लिहिणार."

"पण तपासणी गुरुवारी आहे ना?" मावशीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

साहेब जरा चुळबुळले. "गुरुवारी माझ्या भाच्याचं लग्न आहे. नाशिकला."

गोजाबाईनं कमरेवर हात ठेवले. आमची म्हातारी माणसं कलेक्टरलाही अरे-तुरे करतात, तिथे हे कोण? "असं? तुझ्या भाच्याचं ते लग्न! नि आमच्या धनेशचं काय बारसं चाललंय?"

बाया फिसकन हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी मांडीवर हजेरीपट उघडला, खिशातून पेन काढलं आणि टोपण दातांत धरलं.

मावशी त्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिली. आता ते टोक खाली टेकणार, एक गोल काढणार आणि माघी पुन्हा चौथीत बसणार. दिवाळीनंतर पोश्याकाका म्हणणार, नापासच तर झाली, चल भट्टीवर. मग पुन्हा ते रोजचं, खिडकीतून येणारं, "गैरहजर".

मावशीनं गोजाबाईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

गोजाबाईनं हळदीचं पातेलं उचललं. "मांडवात आलेला माणूस कोरडा जात नाय गं बायांनो!"

पुढचं फार भराभर झालं. पाच-सहा बायांनी साहेबांना घेरलं. एकीनं उजवा तळवा माखला, एकीनं डावा. गालांना गोजाबाईनं स्वतः लावली, आणि कानांनासुद्धा, कान मोठे होते म्हणून. "अहो, हे काय! अहो, थोडक्यात... अहो बाई, थोडक्..." पेन धुळीत पडलं. टोपण दातांतच राहिलं. आणि गोजाबाईनं तिथल्या तिथे गाणं उचललं:

"सायब आला मांडवात, काळा काळा बूट गं,
हात झालं पिवळं पिवळं, त्याला नाय सूट गं!"

बायांनी ते झेललं, फिरवलं, पुन्हा म्हटलं. साहेब दोन्ही हात समोर पसरून बसले, जणू कोणीतरी त्यांना लोकर गुंडाळायला दिली आहे. हजेरीपट मावशीनं अदबीनं उचलला. "पिवळा होईल, साहेब. सरकारी कागद आहे."

"पाणी द्या. हात धुवायला."

"येतंय."

"कुठून?"

"विहिरीवरून. बाया गेल्यात."

"कधी गेल्यात?"

मावशीनं मागे वळून हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांकडे पाहिलं. "आता जातील."

हे मात्र खोटं नव्हतं. मे महिन्यात आमच्या विहिरीत हंडा सोडला की खाली दगडावर ठाण वाजतं. तळातल्या खड्ड्यात पाणी साचायची वाट बघायची, वाटीनं भरायचं आणि वर यायचं. बाया निघाल्या त्यासुद्धा इतक्या रमतगमत की एरवी त्यांच्या सासवांनी दगड मारले असते.

साहेब बसले. मावशीनं चहा दिला, त्यांनी तो पिवळ्या दोन्ही तळव्यांत कप धरून प्यायला. दुसरा दिला. तिसऱ्याला ते म्हणाले, "बाई, खरं सांगा. मुलं आहेत तरी का? की नुसतीच कागदावर?"

मावशी ताठ झाली. "कागद मला वाचता येत नाय, साहेब. पोरां येतात." आणि तिनं सुरुवात केली. "ख्खं. चैती रामा गावित. ख्खं. मधु लक्ष्या वाघ. ख्खं. कमू..." एकामागून एक, खोकल्यासकट, गुरुजींच्या आवाजात. साहेबांच्या गालावरची हळद वाळून तडकायला लागली होती, ती हसण्यानं आणखी तडकली. मावशी तेराव्या नावापर्यंत गेली. चौदावं आलं.

"ख्खं. माघी पोश्या भोये."

आणि ती थांबली.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी," मावशी म्हणाली. मग तिनं सांगितलं. खिडकी, चूल, रोजचं नाव. फार नाही सांगितलं. "साहेब, तुम्ही मंडळी सुट्टी किती ठेवायची, किती कापायची बोलता. माझी पोर चार महिने शाळेत नव्हती. पण ती काय सुट्टी होती? विटा मोजत होती. पोरीला शाळा पण पाहिजे नि सुट्टी पण पाहिजे. दोन्ही पुरवायचं तं पहाटे उठून पुरवावं लागतं. मी उठते."

साहेब खाली बघत होते. मग पहिल्यांदाच बोट वर न करता म्हणाले, "मला पटतंय, बाई. पण कागदाला पटत नाही. त्याला मुलं दिसायला लागतात."

"दिसतील. बारा वाजता."

"मला बारापर्यंत जव्हारला पोचायचं आहे."

आणि नेमक्या त्याच वेळी, घड्याळात साडेअकरा, हंडेवाल्या बाया वर आल्या. एवढ्या हळू जाऊनही आल्याच.

"हं, पाणी!" साहेब उठले.

"पहिला हंडा नवऱ्याचा," मावशी म्हणाली. पहिला हंडा आत गेला. आतून धनेशचं दचकून ओरडणं ऐकू आलं.

"दुसरा?"

"मांडवाच्या खांबाला. मानाचा."

खांबाला इतकं पाणी आजवर कोणी घातलेलं नव्हतं. खांबाखाली चिखल झाला.

"बाई," साहेब म्हणाले, "तिसरा माझा."

आता काही उरलं नव्हतं. मावशीनं तांब्या भरला आणि साहेबांच्या हातांवर धार धरली. धार म्हणजे कसली, दोराच. तिनं एवढं बारीक पाणी सोडलं की एका तांब्याला किती वेळ लागला ते सांगणं अवघड आहे. हळद गेली ती वरवरची. तळवे पिवळे ते पिवळेच. साहेबांनी ते सफारीला पुसले, सफारी पिवळी झाली. पेन धुळीतून उचललं. हजेरीपट मागून घेतला. मावशीनं तो दोन्ही हातांनी दिला आणि मग हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिनं किल्ली घट्ट धरली.

साहेबांनी तारीख लिहिली. वार लिहिला. "उपस्थिती" लिहिलं. पुढे रेघ ओढली.

"प्यांऽऽ-पीं-प्यां!"

सुकऱ्याच्या जीपचा हॉर्न. जगात असा दुसरा नाही, घशात मासळीचा काटा अडकलेल्या बदकासारखा.

पण जीप येईना. हॉर्न येतोय, जीप येत नाही. सगळे वळणाकडे धावले, साहेबसुद्धा, पेन हातात. खाली चढावर जीप अडकली होती. आत नवरी, नवरीच्या मांडीवर आरसा, आरशाला कुंकू. आणि जीपला मागून चौदा पोरं ढकलत होती, मधोमध रोहिदास गुरुजी, खांदा लावून.

"ख्खं! एक, दोन, तीन, ढकला!"

"हेऽऽऽ!"

"ख्खं! पुन्हा!"

जीप वर आली. पोरं धुळीनं लाल, घामानं चकचकीत. गुरुजींनी मान वर केली, साहेब दिसले, साहेबांचे पिवळे कान दिसले. ते इतके खोकले की त्यांना बसवावं लागलं.

साहेब मांडवात आले, खुर्चीवर बसले, हजेरीपट उघडला. पोरं आपोआप रांगेत बसली. नवरी जीपमध्येच थांबली, तिलाही बघायचं होतं. साहेब नावं घ्यायला लागले. त्यांना स्वतःला कळलं नाही, पण दुसऱ्या नावापासून तेही आधी खोकायला लागले होते.

"ख्खं. मधु लक्ष्या वाघ."

"हजर!"

मावशी भाताच्या पातेल्याकडे वळली आणि ढवळायला लागली. पातेलं रिकामं होतं. तांदूळ अजून पोत्यातच.

"ख्खं. माघी पोश्या भोये."

"हजर, साहेब!" माघी आईच्या आवाजाची. साखरशेतपर्यंत गेलं असेल.

मावशीची पळी थांबली. एवढंच.

साहेबांनी माघीला उभं केलं. "एका ओळीत चाळीस विटा. अशा सहा ओळी. किती?"

"दो सौ चालीस," माघी म्हणाली, प्रश्न पुरता संपायच्या आत.

"मराठीत."

माघीनं डोळे मिटले. भट्टीवरचं सगळं गणित तिच्या डोक्यात हिंदीत होतं, मुनीमजीच्या आवाजात. "दोनशे... दोनशे चाळीस."

"बरोबर. आता हे वाच." साहेबांनी बॅगेतून मंजुरीचं पत्र काढलं. माघी वाचायला लागली, एकेका अक्षरावर बोट ठेवून, पण न थांबता. "उप-रोक्त वि-षयान्वये उन्हाळी सुट्टी क-मी करून..." ती थांबली. "साहेब, उपरोक्त म्हणजे काय?"

"उपरोक्त म्हणजे... थोडक्यात सांगतो. वर सांगितलेलं."

माघीनं वर पाहिलं. तिचं बघून चौदाच्या चौदाजणांनी वर पाहिलं. वर मांडवाचा जांभळीचा पाला होता, त्यात एक सरडा होता. सरड्यानंही खाली पाहिलं.

साहेबांनी मग पुढे काही विचारलं नाही. हजेरीपटावर रेघेपुढे "१४" लिहिलं, खाली सही केली, आणि पान उलटताना त्यांचा अंगठा कोपऱ्यावर उठला. पिवळाधमक.

"बारा वाजून गेले," मावशीनं आठवण केली. "जव्हारला जायचं होतं ना?"

"जातो," साहेब म्हणाले आणि पत्रावळीपुढे बसले. दोनदा भात घेतला. गोजाबाईनं लग्न लावलं, नाच सुरू झाला. सुकऱ्यानं साहेबांना ओढलं. साहेब म्हणाले, "थोडक्यात नाचतो." म्हणजे तासभर.

दोन जूनला परीक्षा झाली. चौदातले तेरा पास झाले. एक मधु राहिला, तोही एका विषयात, आणि त्याचं म्हणणं असं की त्या दिवशी जीप ढकलून त्याचं डोकं दुखलं होतं ते पंधरा दिवस दुखत राहिलं. माघी पास. पाचवी, जव्हार. निकाल गुरुजींनी त्याच संध्याकाळी खिडकीतून सांगितला. मावशीनं "बरं" म्हटलं आणि खरकटं पातेलं घासायला घेतलं. ते पातेलं इतकं घासलं की त्यात तोंड दिसायला लागलं.

यशानं माणूस चेकाळतो. रोहिदास गुरुजींचंही तसंच झालं. तीन जूनला सकाळी सातला ते शाळेच्या दारात हजर. सोबत खडूचा डबा, नवा तक्ता.

"ख्खं. चंद्राबाई, शाळा उघडायला अजून बारा दिवस आहेत. मी म्हणतो, पाचवीची थोडी तयारी करून घेऊ. एवढी गोडी लागली आहे पोरांना. माघीला हाक मारा."

मावशी ओट्यावर बसून नाचणी निवडत होती. माघी घरात नव्हती. पहाटेच टोळीबरोबर रानात गेली होती. तिथून हसण्याचे आवाज येत होते आणि मधूनच कोणीतरी "दो सौ चालीस! दो सौ चालीस!" ओरडत होतं. बहुतेक करवंदं मोजणं चाललं होतं, आणि जोरात खोटं मोजणं.

"किल्ली द्या," गुरुजी म्हणाले.

"हरवली," चंद्रामावशी म्हणाली.

गुरुजींनी तिच्या गळ्याकडे पाहिलं. किल्ली तिथेच होती, पोलक्यावर, उन्हात चमकत. मावशीनंही खाली पाहिलं. मग वर पाहिलं.

"पंधरा तारखेला सापडंल," ती म्हणाली.